पाण्याकडच्या वीस झडपा

सुतारबाबांना खुर्चीवर बसवण्यातच अर्धा तास गेला. आधी त्यांना खुर्ची पटेना. "ही कुणी केली? चार पाय चार दिशांना," असं म्हणून त्यांनी ती उलटी करून पाहिली. मग त्यांच्या सुनेला उजेड पटेना. बाबांच्या डोळ्यांतून पाणी येतं, खिडकी त्यांच्या पाठीमागे घ्या, असा तिचा हट्ट.

"ताई, खिडकी मागे घेतली तर बाबांचा चेहराच दिसायचा नाही," कॅमेरा लावणारा लंबू म्हणाला.

"मग नुसता आवाज ऐका. चेहरा बघून बघून आम्ही बारा वर्षं काढलीत."

बाबा गालातल्या गालात हसले. सून पुढे म्हणाली, "बाबा, ते तुम्ही परातीवरून पडलात ते सांगा ना ह्यांना—"

"आत्ता नको," फिल्मवाला घाईघाईने म्हणाला. "कॅमेरा सुरू होऊ दे. आधी सांगून झालं की मग दुसऱ्यांदा पाठ केल्यासारखं होतं."

"परात नाही गं, परांची, बांबूंची," बाबा म्हणाले. "परातीवरून कोण पडतं?"

आज सोमवार होता. शनिवारी दुपारी चार वाजता ह्याच इमारतीच्या खालच्या दालनात फिल्म दाखवायची होती, आणि ही शेवटची मुलाखत. इमारत म्हणजे जुनी बंदरकचेरी. दीडशे वर्षांपूर्वी पाण्याच्या अगदी काठावर बांधलेली, तीन मजली, चाळीस खिडक्यांची. वीस खिडक्या पाण्याकडे, वीस रस्त्याकडे. मधे तीस वर्षं ती बंद पडून होती. मग एका मंडळाने ती ताब्यात घेतली आणि पाच वर्षं खपून, होती तशी परत उभी केली. त्यातली तीन वर्षं फिल्मवाला तिथे कॅमेरा घेऊन फिरत होता. गवंड्यांनीच त्याला फिल्मवाला हे नाव पाडलं होतं.

त्याची बायको तिथेच कामाला होती. जुन्या लाकडावरचे रंगाचे थर एकेक करून खरवडायचे, तळाशी कोणता रंग आहे ते शोधायचं आणि मग नव्याने काय लावायचं ते ठरवायचं, हे तिचं काम. तिला सगळे रंगबाई म्हणत. खिडक्यांच्या झडपा हिरव्या होत्या हे तिने शोधून काढलं. आठ महिन्यांपूर्वी ती गेली. परांच्या उतरलेल्या तिने पाहिल्याच नाहीत. फिल्मची शेवटची आठ मिनिटं तिच्यावर होती आणि पहिल्या मजल्यावर जिन्यासमोर तिच्या नावाची पितळी पाटी लागायची होती.

लंबूने अंगठा वर केला. आवाजाचं यंत्र घेऊन खाली बसलेल्या धाकटीने मान हलवली. धाकटी म्हणजे फिल्मवाल्याची मेहुणी. आवाज तिचा आणि फिल्म जोडायचं कामही तिचंच.

"बाबा," फिल्मवाल्याने सुरुवात केली, "तुम्ही इथे बत्तीस वर्षं सुतार होतात. इतक्या वर्षांनी आत आलात. कसं वाटतंय?"

"गुडघे दुखतायत."

लंबूचे खांदे हलले. फिल्मवाला थांबला. थांबलं की माणूस आपणहून बोलतो हे त्याला ठाऊक होतं. बाबांनी छताकडे पाहिलं, जमिनीवर टाच आपटून पाहिली, मान डोलावली. मग त्यांची नजर खिडकीवर गेली आणि तिथेच राहिली.

"ह्या हिरव्या कुणी केल्या?"

"झडपा? त्या पहिल्यापासून हिरव्याच होत्या ना."

"रस्त्याकडच्या हिरव्या. ह्या पाण्याकडच्या आहेत. ह्या पांढऱ्या." बाबा काठी टेकत उठलेच. लंबूने कॅमेरा तसाच वर घेतला. "धुकं आलं की नावाड्यांना काय दिसणार? हिरव्याचं धुक्यात काय दिसतं, कप्पाळ? काळ्या दगडावर वीस पांढऱ्या झडपा ओळीने दिसल्या की त्यांना कळायचं, धक्का आला."

"पण बाबा, तपासणी झालीय. प्रत्येक झडपेवर हिरवा रंग सापडलाय."

"सापडणारच. आणि त्याच्यावर पांढरा नाही सापडला?"

फिल्मवाल्याने झडपेकडे पाहिलं.

"अहो, आम्ही पालटायचो त्या. दर सहा वर्षांनी. पाण्याकडची झडप खारा वारा खाऊन खाऊन खंगायची. मग तिला रस्त्याकडे न्यायची, आरामाला. तिकडची दमदार झडप इकडे आणायची. रंग जागेचा होता, झडपेचा नव्हे. इकडे आली की पांढरी, तिकडे गेली की हिरवी." त्यांनी झडपेच्या कडेवरून अंगठा फिरवला. एका ठिकाणी थांबून नखाने टोकरलं. "हे बघा. हे भोक बुजवलंय, खुंटी मारून. माझीच खुंटी आहे. पाण्याकडे झडप बाहेर उघडते, रस्त्याकडे आत. म्हणजे पालटली की बिजागरीही पालटायला लागायची. चाळीसच्या चाळीस झडपा बघा. भोकांचे दोन दोन जोड नसतील तर माझं नाव बदला."

"वा बाबा!" लंबू पुटपुटला. त्याला काहीच कळलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की बाबा झकास बोलतायत.

धाकटीने कानावरचा हेडफोन अर्धा बाजूला केला आणि फिल्मवाल्याकडे पाहिलं.

थरांमध्ये पांढरा रंग होता हे फिल्मवाल्याला माहीत होतं. रंगबाईनेच त्याला दाखवला होता, कॅमेऱ्यासमोर. फिल्मच्या एकतिसाव्या मिनिटाला ती हातात भिंग धरून सांगते, "हा पांढरा म्हणजे अस्तर. प्रत्येक हिरव्याआधी मारलेला एकेक हात."

"कट," तो म्हणाला. "बाबा, चहा घेऊ या."

*

फिल्म जोडायची खोली एका शिंप्याच्या दुकानावर होती. दिवसभर खालून मशिनची घरघर वर येई आणि बोलताना मधेमधे थांबावं लागे. त्या दिवशी खोलीत तिघं होते आणि बराच वेळ मशिनच बोलत होती.

"मला एक कळत नाही," शेवटी लंबू म्हणाला. "तीन वर्षांत ह्याच्यापेक्षा भारी काही मिळालंय का आपल्याला? म्हातारबाबा उठतात काय, खुंटी दाखवतात काय! आणि तुम्ही दोघं चेहरे असे करून बसलायत, जसं कार्ड करप्ट झालंय."

"लंबू, जरा खाली जाऊन ये," धाकटी म्हणाली.

"कशाला?"

"शिंप्याकडून शर्ट अल्टर करून आण."

"हा शर्ट? हा तर बरोबर बसतो."

"म्हणून तर म्हणते, वेळ लागेल."

लंबूने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो काही न बोलता उठून गेला.

"ते वापरायचं नाही," फिल्मवाला म्हणाला.

"मी अजून काहीच म्हटलं नाही, भावोजी."

"तू हेडफोन काढलास तेव्हाच म्हटलंस."

धाकटीने पडद्यावर एकतिसावं मिनिट काढलं. तिची बहीण भिंग घेऊन उभी होती, कपाळावर रंगाची भुकटी, केसांना फडकं. धाकटीने आवाज बंद ठेवला होता.

"बाबा खरं बोलत असतील तर?" तिने विचारलं.

"म्हातारा माणूस आहे. ब्याऐंशी वर्षांचा. आठवणीत घोळ होतो."

"आठवणीत घोळ होतो, खुंटीत होत नाही. मी येताना रस्त्याकडच्या पाच झडपा बघितल्या. पाचही झडपांना दुहेरी भोकं आहेत."

"म्हणजे तू तपासत फिरतेयस! तुझ्या बहिणीचं काम!"

हे बोलून गेल्यावर त्याला वाईट वाटलं, पण शब्द तोंडातून गेले होते. धाकटीने पडदा बंद केला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मोठ्या बाईंचा होता. मोठ्या बाई म्हणजे सगळ्या कामाच्या प्रमुख. मंडळाला उत्तरं द्यायची ती त्यांनीच.

"झाली का सुतारांची मुलाखत? काय म्हणाले?"

"काही खास नाही," फिल्मवाला म्हणाला. "गुडघे दुखतात म्हणाले."

"गुरुवारी मला फिल्म पूर्ण हवी. आणि हो, त्यांना शनिवारी बोलावलंय मी. पहिल्या रांगेत बसवू. त्यांच्या सुनेचा फोन आला होता, दोन खुर्च्या की तीन म्हणून."

बाबा स्वतः फिल्म बघायला येतील हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मुलाखत कापता येते, माणूस कसा कापणार? शनिवारी सुतारबाबा पहिल्या रांगेत बसतील, रंगबाई पडद्यावर म्हणेल "हा पांढरा म्हणजे अस्तर," आणि बाबा भर दालनात मोठ्याने म्हणतील, कप्पाळ. मागून लोक हसतील. तिच्या नावाची पाटी तिथेच वर असेल. त्यांना आणायला गाडी पाठवलीच नाही तर, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. मग एका म्हाताऱ्या माणसाला गाडी चुकवायची हा विचार आपण केला, याची त्याला लाज वाटली. पण विचार गेला नाही. घरी जाईपर्यंत तो सोबतच होता.

*

मंगळवारी सकाळी त्याने तिचं खोकं उघडलं. आठ महिने ते कपाटावर होतं आणि तो त्याच्याकडे न बघता कपाटातून शर्ट काढत होता. त्याला एकच हवं होतं, पांढरा रंग हे अस्तरच होतं याचा पुरावा. काहीतरी ती लिहून ठेवणारच. भाजीची यादीसुद्धा तारीख घालून लिहिणारी बाई ती.

खोक्यात सहा वह्या होत्या. झडपांची वही हिरव्या पुठ्ठ्याची. प्रत्येक झडपेला एक पान, पानावर थरांची उतरंड, बाजूला बारीक अक्षरात टिपणं. पहिली दहा-पंधरा पानं त्याने अधाशासारखी वाचली. हिरवा, पांढरा, हिरवा, पांढरा. "पांढरा = अस्तर" असं प्रत्येक पानावर होतं आणि प्रत्येक पानागणिक त्याचा जीव थोडा थोडा भांड्यात पडत होता.

तेविसाव्या पानावर "अस्तर" पुढे प्रश्नचिन्ह होतं.

चोविसाव्यावर लिहिलं होतं, "पांढरा अस्तरासाठी फार जाड आहे. वर मीठ चिकटलेलं. अस्तर उघड्यावर राहत नाही, मग ह्यावर मीठ कसं? भोकं दुहेरी का?"

त्यापुढचं पान तारखेचं होतं. मागच्या वर्षीची तारीख, ती दवाखान्यात जायच्या दीड महिना आधीची.

"कचेरीतले जुने सुतार हयात आहेत. नंबर मिळाला. आज फोन करणार होते. ह्यांचं म्हणणं, आधी विचारू नकोस, मी कॅमेऱ्यासमोर विचारतो, पहिलं उत्तर पुन्हा मिळत नाही. पंधरा दिवस थांबते. तोवर पाण्याकडच्या झडपांचा रंग थांबवला आहे."

त्याने वही मिटली. परत उघडली. अक्षरं तीच होती.

त्याला सगळं आठवलं. विसरला नव्हताच तो, फक्त तिकडे पाहत नव्हता. स्वयंपाकघरात ती फोन हातात घेऊन उभी होती आणि तो म्हणाला होता, "अगं थांब, फोनवर वाया घालवू नकोस." ती हसून म्हणाली होती, "अहो, माझं काम अडलंय आणि तुमचं काय, वाया?" पण थांबली होती. पंधरा दिवसांनी सुतारबाबा दुसऱ्या मुलाकडे परगावी गेलेले निघाले. ते परतेपर्यंत थांबू, तो म्हणाला. महिन्याने ती आजारी पडली.

आणि त्याच्या पुढचं. ते वहीत नव्हतं, कारण ते तिला माहीत नव्हतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याचा फोन वाजला होता. रंगाऱ्यांचा मुकादम होता. पाण्याकडची परांची उतरवायची आहे, बाईंनी काम थांबवलंय, काय करायचं? ती आत झोपली होती. तीन रात्रींनी तिला पहिल्यांदा झोप लागली होती. तिला उठवावं असं त्याला वाटलं नाही. सुताराला विचारायचं राहिलंय हे त्याला आठवलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर त्याला एवढंच आठवलं, की ओल्या रंगाच्या खिडक्यांचा शॉट घ्यायचाय आणि उजेड चांगला आहे.

"हिरव्याच करा," तो म्हणाला होता. "तिचं ठरलंय."

दोन दिवसांनी तिने विचारलं, "पाण्याकडचं काय झालं?" तो म्हणाला, "झालं. काय सुंदर दिसतंय!" ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिने मान भिंतीकडे वळवली. तिला थकवा आलाय असं त्याला वाटलं. त्याने चादर वर ओढून दिली.

मंगळवारी तो घराबाहेर पडला नाही. धाकटीचे चार फोन आले, ते त्याने घेतले नाहीत. दुपारी त्याने ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. काल त्याला भीती होती की बायकोची चूक लोकांना कळेल. आज त्याला कळलं होतं की चूक तिची नव्हती. ती बरोबर वाटेवर होती आणि तिला त्यानेच अडवलं होतं. मुलाखत कापली तर आता झाकलं जाणार होतं ते त्याचं. आणि कधीतरी, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, कुणीतरी हुशार मुलगी भिंग घेऊन येईल, पांढऱ्यावरचं मीठ पाहील आणि म्हणेल, ह्या पाटीवरच्या बाईला एवढंही कळलं नाही?

*

बुधवारी तो खोलीवर गेला तेव्हा धाकटी दारातच उभी होती.

"फोन का घेतला नाहीत? मला वाटलं, तुम्ही पण..." तिने वाक्य गिळलं. "बसा आधी."

त्याने वही तिच्या पुढ्यात ठेवली आणि ते पान काढून दिलं. ती वाचेपर्यंत तो उभाच राहिला. मग मुकादमाच्या फोनचं सांगितलं. भिंतीकडे वळवलेल्या मानेचंही सांगितलं. खाली मशिन थांबली होती, नेमकी तेव्हाच.

धाकटी रडली नाही. वहीवर हात ठेवून ती म्हणाली, "ताई मला म्हणाली होती, एक गोष्ट मनासारखी झाली नाही म्हणून. मी विचारलं कोणती, तर म्हणाली जाऊ दे, त्यांना वाईट वाटेल. मला वाटलं तुमच्या दोघांचं घरचं काहीतरी असेल."

फिल्मवाला खाली बसला.

"तुम्ही तिला एक फोन करू दिला असता," धाकटी म्हणाली. "एक फोन, भावोजी. दोन मिनिटं."

"हो."

"नुसतं हो म्हणू नका. मला भांडायचंय."

"भांड."

ती भांडली नाही. बराच वेळ तिने वहीची पानं उलटली, मग विचारलं, "आता?"

"बाबांची मुलाखत पूर्ण ठेवायची. त्याच्यामागे हे पान. आणि मी बोलणार, काय झालं ते. पण आधी मोठ्या बाईंना सांगायला पाहिजे. शनिवारी लोकांसमोर त्यांना कळता कामा नये."

"कॅमेरा घेऊन जाऊ?"

"नको," तो म्हणाला. "मी एकटाच जातो."

*

मोठ्या बाईंचं टेबल निमंत्रणपत्रांनी भरलं होतं. फिल्मवाल्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. मधे अडखळला, मागे गेला, पुन्हा आला. पण सोडलं काही नाही. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सोमवारी तुम्ही मला म्हणालात, काही खास नाही."

"खोटं बोललो."

"वीस झडपा," बाई म्हणाल्या. "शनिवारी उद्घाटन. मंडळाचे लोक येणार, वर्तमानपत्रवाले येणार. आणि तुम्ही पडद्यावर सांगणार की अर्ध्या खिडक्यांचा रंग चुकलाय."

"हो."

"मुकादमाने मला का नाही विचारलं, हे मी त्याच्याशी बघेन. त्याने तुम्हाला विचारलं आणि तुम्ही सांगितलंत! तुम्ही कोण सांगणारे?"

नवरा, एवढंच उत्तर त्याच्याकडे होतं. ते तो बोलला नाही.

बाई उठून खिडकीशी गेल्या. तिथून कचेरीची पाण्याकडची बाजू दिसत होती. मग त्यांनी आवाज खाली आणला. "ऐका. ह्यातून वाट आहे. आत्ता ते काढून टाका. पुढच्या खेपेला रंग द्यायची वेळ आली की मी गुपचूप पांढरा लावून घेते. सुतारबाबांना मी समजावते. कुणाला कळणार नाही. तुमच्या बायकोचं नावही राहील."

हे इतकं सोपं होतं की फिल्मवाल्याला क्षणभर खुर्चीत बसावंसं वाटलं. सोमवारी त्याला नेमकं हेच हवं होतं.

"मग पुढच्या खेपेला लोक विचारतील की रंग का बदलला," तो म्हणाला. "तेव्हा तुम्ही काय सांगणार? आधीच्या बाईंचं चुकलं होतं. दुसरं सांगण्यासारखं काय आहे?"

बाई खिडकीपासून मागे वळल्या.

"तिचं चुकलं नव्हतं, बाई. तिने काम थांबवलं होतं. तारीख आहे वहीत. एकतर हे दाखवू द्या, नाहीतर फिल्म दाखवू नका. अर्धी दाखवायची असेल तर मी देणार नाही."

"धमकी देताय?"

"नाही हो. घाबरलोय मी. माझे पाय बघा."

बाईंनी खरंच पाहिलं. मग चष्मा घातला आणि निमंत्रणपत्रांचा गठ्ठा स्वतःकडे ओढला. "किती मिनिटं आहेत ती?"

"चार. साडेचार."

"माझी पण मुलाखत घ्या उद्या सकाळी," त्या म्हणाल्या. "कामावर देखरेख कुणाची होती, तेही लोकांना कळू दे. आणि आता जा, नाहीतर माझं मत बदलेल."

*

शनिवारी दालन भरलं. सुतारबाबा पहिल्या रांगेत होते, इस्त्रीच्या शर्टात, शेजारी सून, तिच्या शेजारी तिसरी खुर्ची तिच्या पिशवीसाठी. फिल्मवाला सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभा होता. बसलं असतं तर उठावंसं वाटलं असतं. सकाळपासून त्याने फिल्म दाखवायचं यंत्र तीनदा तपासलं होतं आणि मनातल्या मनात वीज जाण्याची वाट पाहिली होती. वीज गेली नाही.

एकतिसाव्या मिनिटाला ती आली, भिंग घेऊन. "हा पांढरा म्हणजे अस्तर."

"कप्पाळ!" सुतारबाबा मोठ्याने म्हणाले.

लोक हसले. सुनेने त्यांचा हात दाबला. फिल्मवाल्याने डोळे मिटले, पण कान मिटता येत नाहीत. पडद्यावर आता बाबाच बोलत होते, खुंटी, बिजागरी, धुकं. "हे मीच म्हणालो होतो," बाबांनी सुनेला सांगितलं, आणि पुन्हा थोडं हसू झालं. मग वहीचं पान आलं आणि हसू थांबलं. पाठोपाठ त्याचा स्वतःचा आवाज दालनात आला, कोरडा, मधेच घसा खाकरणारा. तिने फोन हातात घेतला होता, मी ठेवायला लावला. मुकादमाला हिरवा मी सांगितला. तिला विचारलं नाही. तिने विचारलं तेव्हा एवढंच सांगितलं की सुंदर दिसतंय.

पुढच्या रांगांतून दोघंतिघं मागे वळून बघू लागले. सुतारबाबांची सून वळली ती वळलेलीच राहिली, जणू त्याच्या चेहऱ्यावर उरलेली गोष्ट वाचायची होती. फिल्मवाल्याने डोळे उघडले होते. त्याने नजर खाली घेतली नाही. फार कठीण गेलं.

दिवे लागल्यावर टाळ्या वाजल्या, कुठे जोरात, कुठे नुसत्या हाताला हात लावून. मंडळाचे एक गृहस्थ मोठ्या बाईंना कोपऱ्यात घेऊन काहीतरी विचारू लागले आणि बाई मान ताठ ठेवून उत्तरं देऊ लागल्या. बरेच लोक वर गेले. झडपांच्या कडा चाचपत, "हे बघ, दोन भोकं," असं एकमेकांना दाखवत फिरू लागले. सुतारबाबांभोवती घोळका जमला होता आणि ते सगळ्यांना परांचीवरून पडल्याचं सांगत होते.

फिल्मवाला बाहेर धक्क्यावर गेला. त्याला कुणी काही विचारू नये असं वाटत होतं, आणि कुणीच काही विचारलं नाही हेही झोंबत होतं. त्याने वर पाहिलं. उन्हात वीस झडपा हिरव्यागार दिसत होत्या. वाईट दिसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या छान दिसत होत्या.

धाकटी वायर गुंडाळत गुंडाळत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"बाई म्हणाल्या, वही लागेल त्यांना," ती म्हणाली. "पांढऱ्याची नेमकी छटा ताईने लिहिलीय का बघायला."

"लिहिली असेल."

"मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे, भावोजी."

"माहीत आहे."

"पुष्कळ दिवस राहील."

"राहू दे," तो म्हणाला.

तिने वायरचं एक टोक त्याच्या हातात दिलं. वायर धक्क्यावरून दालनापर्यंत लांबच लांब पसरली होती आणि लोकांच्या पायात येत होती. तो ती गोळा करत दालनाकडे निघाला.